अडीच सुताची वाट



मागे या सदरात आम्ही आमच्या परसातील तीन मधपेट्यांचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर आलेल्या पत्रांत एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारलेला आहे. विकतची मधपेटी परवडत नाही, ती घरी करता येईल का? एका भगिनीने तर लिहिले आहे, की आमचे शेत नाही, परसात एक शेवगा आणि पाण्याची टाकी एवढेच आहे. अशा घराने माश्या पाळायचा विचार करणे हा वेडेपणा तर नव्हे?

वेडेपणा मुळीच नव्हे. माशीला आपला सातबारा लागत नाही. ती आजूबाजूच्या किलोमीटरभर टापूत फुले शोधते आणि ती कोणाच्या बांधावरची आहेत हे विचारत बसत नाही. पेटीही घरी करता येते. लाकूड जुने चालते, वरचा पत्रा डब्याचा चालतो, रंग उरलासुरला चालतो. मात्र पेटीत एक माप असे आहे, की ते चुकले तर बाकीची सगळी मेहनत पाण्यात जाते. आमची तशी गेलेली आहे. म्हणून आज आधी आमची चूक सांगतो आणि मग कृती सांगतो.

जांभळाची ढोली

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्यावर आले. पोलादपूरकडच्या आमच्या वाडीत अनेकांची कौले गेली, पत्रे उडाले आणि थोरल्या काकींच्या घरामागचे जुने जांभळाचे झाड मधोमध मोडले. त्या झाडाच्या ढोलीत माश्या होत्या. काकी या घरात सून म्हणून आल्या तेव्हापासून त्या ढोलीत माश्यांची ये-जा पाहत आल्या होत्या. झाड पडले तशी त्यांनी आम्हा उभयतांना बोलावून घेतले. म्हणाल्या, "झाड गेलं ते गेलं. यांना तरी निवारा द्या. पाऊस तोंडावर आहे."

काकींचा मुलगा, म्हणजे आमचा चुलतभाऊ, मुंबईत सुतारकाम करतो. टाळेबंदीत काम बंद पडले म्हणून तोही गावी आला होता. घरात एक जुने सागवानी दार पडून होते. दादाने दोन दिवसांत त्याची पेटी केली. सांधे असे बसवले, की नखही जाऊ नये. चौकटी तयार झाल्यावर त्याने विचारले, "चौकट आणि भिंत यांच्यात जागा किती सोडू?" आम्ही मोठ्या उदारपणे सांगितले, "सोड अर्धा इंच. राहू देत जरा ऐसपैस."

ढोलीतली पोळी कापून, चौकटीत बसवून, केळीच्या सोपटाने बांधली. राणी सुदैवाने सोबत आली. माश्या पेटीत राहिल्या. आम्ही साखरेचा पाक देत होतो आणि वाडीतली पोरे लांबून बघत होती. तीन आठवड्यांनी उघडीप मिळाली तेव्हा झाकण काढले, तर एकही चौकट सुटेना. माश्यांनी मोकळ्या जागेत आडवीतिडवी पोळी बांधून चौकटी भिंतीला आणि एकमेकींना जखडून टाकल्या होत्या. आम्ही जोर लावला. पोळे फाटले, पांढऱ्या अळ्या तळाशी पडल्या, मध ओघळला. संध्याकाळपर्यंत मुंग्यांची रांग लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी पेटी गप्प होती. भर पावसात सगळी वसाहत निघून गेली होती.

सगळ्यात जास्त दादा खट्टू झाला, कारण त्याचे काम चोख होते. काकींनी पेटीत वाकून पाहिले आणि एवढेच म्हणाल्या, "घर बांधलंत तुमच्या मापानं. राहायचं होतं त्यांना."

माशीचे माप

काकींचे बोलणे किती नेमके होते, हे पुढे आम्ही महाबळेश्वरला मधपाळांकडे शिकायला गेलो तेव्हा कळले. मधमाशी आपल्या घरात जाण्यायेण्यासाठी ठराविक रुंदीची वाट मोकळी ठेवते. वाट त्याहून रुंद झाली, की तिला ती रिकामी जागा वाटते आणि तिथे ती पोळे बांधते. वाट अरुंद झाली, की माशी आत शिरू शकत नाही आणि अशा फटीत मेणकिड्याची अळी लपून बसते. अमेरिकेतील लँगस्ट्रॉथ यांनी १८५१ साली ही गोष्ट ओळखून पेटी केली आणि पोळे न तोडता चौकट उचलता येऊ लागली. आज जगभर वापरात असलेल्या चौकटीच्या पेट्या याच एका गोष्टीवर उभ्या आहेत.

आपल्याकडे पेटीत राहणारी देशी माशी म्हणजे सातेरी. ती अंधाऱ्या ढोलीत, कपारीत, वारुळात एकाशेजारी एक अशी सात-आठ पोळी बांधते. आग्या माशी आणि फुलोरी माशी उघड्यावर एकच पोळे बांधतात. त्यांना पेटीत कोंडायला जाऊ नये. त्या राहत नाहीत आणि आग्याच्या वाटेला जाणे जिवावर बेतते. व्यवसायासाठी ठेवतात ती युरोपीय मेलिफेरा माशी आकाराने मोठी, म्हणून तिच्या चौकटींतले अंतरही जास्त असते. तिच्या पेटीची मापे पुस्तकातून उतरवून सातेरीसाठी वापरू नयेत.

सातेरीची वाट ८ मि.मी. धरावी. सुताराच्या भाषेत सांगायचे तर अडीच सूत. आम्ही दादाला चार सूत सोडायला लावले होते. दीड सुताच्या आमच्या उदारपणाने एक वसाहत घालवली.

हे माप तपासायला आम्ही एक सोपी युक्ती करतो. घरबांधणीत वापरतात ती आठ एम.एम.ची सळई सर्वांना ठाऊक आहे. तिचा वीतभर गुळगुळीत तुकडा घ्यावा. चौकट आणि भिंत यांच्यामध्ये हा तुकडा अडकता कामा नये आणि डुगडुगताही कामा नये. पट्टीपेक्षा सळई बरी, कारण ती वाचताना चूक होत नाही.

पेटीची मापे

आमच्या पेटीत आठ चौकटी बसतात. मापे पुढीलप्रमाणे आहेत. कात्रण काढून सुताराला दाखवावे.

चौकट : आतली मोकळी जागा २१० मि.मी. लांब आणि १४५ मि.मी. उंच. बाजूच्या पट्ट्या १० मि.मी. जाड, म्हणजे चौकटीची बाहेरची लांबी २३० मि.मी. होते. वरची पट्टी २२ मि.मी. रुंद, १० मि.मी. जाड आणि २६४ मि.मी. लांब. तिची दोन्ही टोके बाहेर येतात, त्यांवर चौकट लोंबते. खालची पट्टी ७ मि.मी. जाड. चौकटीची एकूण उंची १६२ मि.मी.

पिलावा कक्ष, म्हणजे जिथे राणी अंडी घालते तो खालचा मजला : आतली लांबी २४६ मि.मी., आतली रुंदी २५७ मि.मी., उंची १७० मि.मी. फळी २० मि.मी. जाड. पुढच्या आणि मागच्या फळीच्या वरच्या आतल्या कडेला १० मि.मी. रुंद आणि १० मि.मी. खोल खाच पाडावी. चौकटीची टोके त्या खाचेत टेकली, की चौकटीचा माथा पेटीच्या काठाशी समपातळीत येतो आणि खाली ८ मि.मी. जागा उरते. आकडे ताडून पाहा : २३० मि.मी.ची चौकट आणि दोन्हीकडे आठ-आठ मिळून २४६ होतात.

दोन चौकटींमधले अंतर : एका पोळ्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत ३१ मि.मी., म्हणजे सव्वा इंचाला किंचित कमी. २२ मि.मी.ची पट्टी आणि ९ मि.मी.ची मोकळी जागा असा त्याचा हिशेब आहे. हे अंतर हाताने राखणे कठीण जाते, म्हणून प्रत्येक वरच्या पट्टीच्या एकाच बाजूला दोन बारीक चुका ९ मि.मी. बाहेर राहतील अशा ठोकाव्यात. चौकटी एकमेकींना भिडवल्या, की अंतर आपोआप राहते.

मधकक्ष, म्हणजे वरचा मजला : लांबी-रुंदी तीच, उंची निम्मी, ८५ मि.मी. त्याच्या चौकटीची आतली उंची ६० मि.मी. येते.

तळपाट : साधी फळी, तिच्या तीन बाजूंना ८ मि.मी.ची पट्टी. पुढची बाजू माश्यांचे दार. दार पूर्ण मोकळे न ठेवता लाकडाच्या तुकड्यांनी ८० मि.मी. एवढेच ठेवावे. तळपाट खिळ्यांनी ठोकू नये, तो साफ करायला काढावा लागतो. या पट्टीमुळे चौकटींखालची जागा जास्त होते, पण तळाशी ती चालते. नियमाला हा एवढाच अपवाद आहे.

आतले झाकण : त्याच्या खालच्या कडेने चारही बाजूंना ८ मि.मी.ची पट्टी आणि मध्ये जाळी लावलेले हवेचे भोक. बाहेरचे छप्पर उतरते करून पत्रा मारावा. आमच्या एका पेटीला तेलाच्या डब्याचा पत्रा आहे आणि त्याने तीन पावसाळे काढले आहेत.

काय करावे, काय विकत घ्यावे

लाकूड पूर्ण वाळलेले हवे. ओले लाकूड सुकताना आक्रसते आणि अडीच सुताचे दोन सूत होतात. जुनी सागवानी दारे, खिडक्या, पलंगाच्या फळ्या उत्तम. वाळवीचे औषध लावलेले लाकूड मात्र कितीही चांगले असले तरी नको. रंग किंवा जवसाचे तेल फक्त बाहेरून लावावे आणि वास जाईपर्यंत पेटी उन्हात ठेवावी. आतून काहीही लावू नये.

धूर करायला जुन्या सुती कापडाची घट्ट वळी पुरते. सातेरीला जास्त धूर सोसत नाही. दारात दोन झुळका दिल्या की पुरे. तोंडावरची जाळी मच्छरदाणीच्या तुकड्याची, रुंद काठाच्या टोपीवर शिवावी. काळ्या जाळीतून अंडी चांगली दिसतात, पांढरी जाळी उन्हात डोळ्यांवर येते. पेटीसाठी चार पायांचा चौरंग करावा आणि प्रत्येक पाय पाण्याच्या वाटीत ठेवावा, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. त्या पाण्यावर तेलाचा थेंब टाकावा, नाहीतर डासांची पैदास होते.

तीन वस्तू मात्र विकत घ्याव्यात. पहिली मेणपत्रा. तो सातेरीचाच मागावा, कारण मेलिफेराच्या मेणपत्र्यावरील घरे मोठी असतात. मेणपत्रा मिळालाच नाही, तर वरच्या पट्टीच्या खालच्या बाजूला वितळलेल्या मेणाची सरळ रेघ ओढावी. माश्या त्या रेघेवरून पोळे उतरवतात. दुसरी वस्तू राणीद्वार. त्याच्या फटीतून कामकरी माशी जाते आणि राणी अडते. हे माप इतके नाजूक असते, की घरी करण्याच्या फंदात पडू नये. तिसरी वस्तू मध काढण्याचे यंत्र. पण हे एकेकट्या घराने घेऊ नये. वर्षातून दोन-तीन दिवस लागणाऱ्या यंत्रासाठी चार-पाच घरांनी मिळून वर्गणी काढावी. आमच्या वाडीत तसेच केले आहे.

आणि फुकट मिणाऱ्या जुन्या पेटीपासून सावध राहावे. १९९१-९२ मध्ये केरळ, कर्नाटक आणि तमिळनाडूत थायसॅक ब्रूड नावाच्या विषाणूजन्य रोगाने सातेरीच्या वसाहती मोठ्या प्रमाणावर मेल्या. त्या रोगात अळी पाण्याच्या पिशवीसारखी होऊन घरातच मरते. असे काही दिसले, तर त्या पेटीतील चौकटी दुसऱ्या पेटीत कदापि घालू नयेत. जुनी पेटी घ्यावीच लागली, तर आतून ज्वाळेने सर्व बाजूंनी शेकून घ्यावी आणि जुनी पोळी टाकून द्यावीत.

दर आठवड्याचे काम

पेटी झाडाच्या सावलीत ठेवावी. सकाळचे ऊन चालेल, दुपारचे नको. दाराचे तोंड पायवाटेकडे किंवा शेजाऱ्याच्या अंगणाकडे करू नये. पेटी ठेवण्याआधी शेजाऱ्यांना विचारावे, हे आम्ही मुद्दाम सांगतो. जवळ उथळ भांड्यात पाणी ठेवावे आणि त्यात खडे टाकावेत, म्हणजे माश्या बुडत नाहीत.

उघडिपीच्या दिवशी, आठ-दहा दिवसांतून एकदा पेटी उघडावी. अंगाला अत्तर, केसांना वासाचे तेल नको. कडेची चौकट आधी काढावी, म्हणजे बाकीच्या सरकवायला जागा होते. प्रत्येक वेळी राणी शोधत बसू नये. घरांच्या तळाशी उभी, बारीक, पांढरी अंडी दिसली, की राणी आहे असे समजावे. तळपाट काढून झाडावा. तळावरच्या कचऱ्यातच मेणकिडा वाढतो. पोळ्याच्या कडेला राणीची लांबट, खाली लोंबणारी घरे दिसू लागली, तर वसाहत फुटून निम्म्या माश्या जाण्याच्या बेतात आहेत हे ओळखावे. राणीद्वार लावले असेल तर ते कायम ठेवू नये. नवी राणी मीलनासाठी बाहेर पडावीच लागते. तिला कोंडले तर वसाहत संपते.

पावसाळा हा खरा परीक्षेचा काळ. आमच्याकडे जून ते सप्टेंबर फुलोरा कमी आणि माश्यांना बाहेर पडणेही कठीण. तेव्हा एक वाटी साखर, एक वाटी उकळून गार केलेले पाणी असा पाक संध्याकाळी पेटीच्या आत ठेवावा. दिवसा किंवा बाहेर ठेवला तर दुसऱ्या माश्या लुटायला येतात. गूळ देऊ नये, त्याने माश्यांना हगवण लागते.

मध फक्त वरच्या मजल्यातला काढावा आणि तोही पोळ्याची बहुतेक घरे मेणाने बंद झाल्यावरच. न मिटलेल्या घरांतला मध पातळ असतो, तो आंबतो. यंत्राने मध काढून पोळे सबंध परत द्यावे. मेण करायला माश्यांना वजनाच्या कित्येक पट मध खावा लागतो, म्हणून पोळे पिळणे म्हणजे पुढच्या हंगामातला मधही आताच पिळून टाकणे. खालच्या मजल्यातला मध माश्यांचा. तो त्यांची बेगमी आहे.

डंख बसला तर काटा नखाने लगेच खरवडून काढावा. थोडी सूज सर्वांनाच येते. परंतु श्वास लागला, चक्कर आली, अंगभर गांधी उठल्या तर घरगुती उपाय करत न बसता तडक दवाखाना गाठावा.

पुन्हा माश्या आल्या

महाबळेश्वरहून आल्यावर आम्ही दादाला मुंबईला फोन केला. दिवाळीला तो आला तो सळईचा तुकडा खिशात घालूनच. पहिली पेटी मोडून त्याच लाकडाची त्याने नवी पेटी केली. चौकटींना जुने मेण चोळून ती आम्ही आंब्याच्या फांदीवर बांधून ठेवली. २०२१ च्या मार्चमध्ये एके दुपारी आंब्याभोवती गुंजारव उठला आणि तासाभरात एक वसाहत आपणहून आत शिरली. ती जांभळाच्या ढोलीतलीच होती असे म्हणण्याचा मोह होतो, पण तसे म्हणायला आधार नाही.

महिन्याने काकींसमोर पेटी उघडली. पहिली चौकट अलगद वर आली, एकही घर न फाटता. काकींनी चौकट आणि भिंत यांच्यातल्या फटीत करंगळी घालून पाहिली. ती जाईना. "एवढ्याशा वाटेनं?" त्यांनी विचारले. त्याच वेळी त्यांच्या करंगळीशेजारून एक माशी सहज वर आली. काकी हसल्या आणि बोट काढून घेतले.

चांगल्या वर्षी आम्हाला एका पेटीतून चार-पाच किलो मध मिळतो. त्यावर घर चालत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण दोन मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च निघतो, परसातला शेवगा आणि दुधी पूर्वीपेक्षा जास्त लागतो आणि ज्यांच्या नावावर गुंठाही नाही अशा घरालाही हे जमते. ज्यांना शिकायचे असेल त्यांनी आपल्या जिल्ह्याच्या ग्रामोद्योग कार्यालयात राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या मधकेंद्र योजनेची चौकशी करावी. मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वरला आहे. त्याच तालुक्यातले मांघर हे गाव २०२२ मध्ये 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. जमल्यास तिथे एकदा जाऊन यावे. आधी शिकावे, मग पेटी करावी, मग माश्या आणाव्यात. आम्ही हा क्रम उलटा केला आणि त्याची किंमत आम्ही नव्हे, माश्यांनी मोजली.

म्हणून पत्र लिहिणाऱ्या त्या भगिनीला आमचे सांगणे एवढेच : शेवगा आहे, पाणी आहे, परसात चौरंगापुरती जागा आहे. आता आठच्या सळईचा एक तुकडा मिळवा आणि सुताराने "जागा किती सोडू?" असे विचारले, की तो त्याच्या हातावर ठेवा.

पुढील लेखात मेण वितळवून स्वच्छ कसे करावे आणि उरलेल्या मेणाचे घरात काय काय होते, ते पाहू.